बल्ब गेला, जागा राहिली

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा अकरावीत शिकणारा भाचा आमच्याकडे आला होता. आमची मोटार तेरा वर्षांची. तिचे सगळे बल्ब काढून त्यांच्या जागी एलईडी बसवायचे, असा बेत आम्ही दोघांनी केला. बाजारात बल्बच्याच मापाचे एलईडी मिळतात. ते आणले. छताचा दिवा, नंबर प्लेटवरचा दिवा, मागचे लाल दिवे, दिशादर्शक आणि शेवटी हेडलाइट, असे एकेक करत दोन तासांत काम संपले.

मग भाच्याने उजवीकडचा दिशादर्शक लावून पाहिला. एरवी संथपणे टिक्‌-टिक्‌ करणारा तो दिवा आता दुप्पट वेगाने उघडझाप करू लागला. मागचे लाल दिवे लालऐवजी गुलाबीसर दिसत होते. छताचा दिवा बंद केल्यावरही काजव्यासारखा मिणमिणत राहिला.

"मामा, एलईडी बल्बपेक्षा चांगला ना? मग या इंडिकेटरला एवढी घाई कसली झालीय?" भाच्याने विचारले.

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर द्यायला मला सव्वाशे वर्षे मागे जावे लागले. मोटारीतला दिवा म्हणजे नुसता बल्ब नसतो. बल्बमागचा आरसा, पुढची काच, त्याला वीज पुरवणारे मंडल, या सगळ्यांनी मिळून दिवा होतो. हे सारे भाग बल्बच्या गुणदोषांना धरून घडत गेले. बल्ब काढला तरी त्याच्यासाठी घडवलेली जागा तशीच राहते. ही जागा कशी घडली, याचीच ही गोष्ट.

ज्योत आणि आरसा

अगदी पहिल्या मोटारींना घोडागाडीचेच दिवे लावत असत. मेणबत्ती किंवा रॉकेल यांवर चालणारे हे दिवे रस्ता दाखवण्यापेक्षा 'गाडी येते आहे' एवढे सांगण्याच्याच कामाचे होते. मोटारींचा वेग वाढला तसा पुढचा रस्ता दिसण्याइतका उजेड हवासा वाटू लागला. तो दिला अ‍ॅसिटिलीन वायूने.

१८९२ मध्ये अमेरिकेत टॉमस विल्सन आणि फ्रान्समध्ये आंरी म्वासाँ यांनी विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड तयार केले. त्यामुळे हा पदार्थ स्वस्त झाला. कार्बाइडवर पाणी पडले की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि मागे चुना उरतो. गॅस वेल्डिंगच्या दुकानाशेजारून जाताना येणारा उग्र वास आपल्या ओळखीचा आहे. तो वास याच अभिक्रियेच्या वेळी, कार्बाइडमधील अशुद्ध द्रव्यांमुळे येतो. अ‍ॅसिटिलीनची ज्योत पांढरीशुभ्र आणि प्रखर असते. मोटारीवरील दिव्यात खाली कार्बाइडचा डबा, वर पाण्याची टाकी आणि मधे थेंब सोडणारी चावी असे. चालकाला गाडी थांबवून, चावी उघडून, काडी ओढून दिवा पेटवावा लागे. थंड देशांत हिवाळ्यात टाकीतले पाणी गोठत असे, आणि साठलेला चुना वरचेवर खरवडून काढावा लागे.

या दिव्यातच आजच्या हेडलाइटचा पहिला धडा आहे. ज्योतीमागे अंतर्वक्र आरसा बसवलेला असे. आरसा अन्वस्ताच्या आकाराचा असला आणि उजेडाचा उगम त्याच्या नाभीवर असला, तर परावर्तित किरण एकमेकांना समांतर बाहेर पडतात, हे आपण वर्गात शिकवतो. पण त्यात एक अट दडलेली आहे. उगम बिंदूएवढा लहान असेल, तरच किरण खरोखर समांतर जातील. ज्योत मोठी आणि हलणारी असते. तिचा काही भाग नाभीवर, तर बराचसा आजूबाजूला. त्यामुळे या दिव्यांचा झोत फैलावत असे आणि फार लांब पोहोचत नसे.

तंतू नाभीवर आला

विजेचा बल्ब तोवर घराघरांत पोहोचू लागला होता, मग मोटारीत तो इतका उशिरा का आला? कारणे दोन. सुरुवातीचे कार्बनचे तंतू मोटारीच्या धक्क्यांनी तुटत, आणि मोटारीत वीज तयार करण्याची सोय नव्हती. इंजिनाला डायनामो जोडला तर इंजिनाचा वेग बदलेल तसे विभवांतर बदले. मग दिवा कधी मिणमिणे, तर कधी उडे.

पहिली अडचण टंगस्टनने सोडवली. हा धातू सुमारे ३४०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, पण तो ठिसूळ असल्याने त्याची तार ओढता येत नव्हती. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत विल्यम कूलिज यांनी त्याची चिवट तार ओढण्याची रीत शोधली. दुसरी अडचण डायनामो, बॅटरी आणि नियंत्रक यांच्या जोडीने सुटली. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेली अशी यंत्रणा १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवण्यात आली. तिच्यात विजेचे दिवे तर होतेच, शिवाय हँडल न मारता इंजिन सुरू करण्याची सोयही होती. पुढच्याच वर्षी जर्मनीत बॉश कंपनीने दिवे, डायनामो आणि नियंत्रक असा पूर्ण संच बाजारात आणला. त्या काळच्या कारखानदारांनी नुसता बल्ब विकला नाही, संपूर्ण व्यवस्था विकली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

टंगस्टनचा तंतू आटोपशीर गुंडाळता येतो. काही मिलिमीटर लांबीचा उगम आरशाच्या नाभीवर नेमका बसवता आला आणि झोत खूप दूरवर जाऊ लागला. त्यातूनच नवे संकट उभे राहिले. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू लागले.

यावर एक चतुर उपाय १९२० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीत निघाला. एकाच बल्बमध्ये दोन तंतू बसवले. एक तंतू नाभीवर, त्याचा झोत सरळ लांब जाणारा. हा आपला 'अप्पर'. दुसरा तंतू नाभीच्या किंचित पुढे, आणि त्याच्याखाली एक छोटीशी धातूची वाटी. हा 'डिपर'. नाभीच्या पुढे असलेल्या तंतूचे किरण आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर आपटून खाली झुकतात. खालच्या अर्ध्या भागावर आपटले असते तर ते वर गेले असते, पण तिकडे जाणारे किरण वाटी अडवते. असा हा काही मिलिमीटरचा खेळ आहे. १९५७ पासून युरोपात वाटीची एक कड तिरपी कापलेले दिवे आले. त्यामुळे समोरच्या वाहनाच्या बाजूला झोत खाली राहतो आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूला थोडा वर चढतो. पादचारी आणि मैलाचे दगड दिसावेत म्हणून ही योजना.

आपल्याकडे एके काळी हेडलाइटच्या काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासत, किंवा मधोमध काळा ठिपका लावत. वयस्कर वाचकांना ते आठवत असेल. त्यामागचा हेतू चांगला होता. पण आपण परीक्षेत विचारतो तो प्रश्न आठवा: भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर प्रतिमा अर्धीच दिसेल का? उत्तर आहे, प्रतिमा पूर्ण दिसेल, पण फिकी. हेडलाइटचेही साधारण तसेच. काच रंगवून अप्परचा झोत वरून कापला जात नाही, तो मंदावतो. दोन तंतूंच्या बल्बचा डिपर तर वरच्याच अर्ध्या आरशातून येतो. म्हणजे काळ्या रंगाने नेमका उपयोगी उजेड अडवला जाई.

तंतू आणि आरसा यांचे नाते कसे जपायचे, याची दोन वेगळी उत्तरे जगाने दिली. अमेरिकेत १९४० पासून सर्व मोटारींना सात इंच व्यासाचा एकसंध दिवा सक्तीचा झाला. आरसा, तंतू आणि काच कारखान्यातच कायमचे जोडलेले. तंतू तुटला की अख्खा दिवा बदलायचा. १९८३ पर्यंत बल्ब तेवढा बदलण्याची मुभाच तिथे नव्हती. युरोपने बल्ब बदलू दिला, पण त्याची मापे इतकी काटेकोर ठरवली की कोणत्याही कंपनीचा बल्ब घातला तरी तंतू त्याच जागी येईल. १९६२ मध्ये मोटारींसाठी पहिला हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ मध्ये दोन तंतूंचा एच-४. आपल्या रस्त्यांवरील असंख्य वाहनांत हाच एच-४ आहे. त्याच्या बुडाशी धातूची चकती आणि तिला तीन कान असतात. त्यांतील एक कान इतर दोघांपेक्षा रुंद असतो, त्यामुळे बल्ब उलटा बसवताच येत नाही. गॅरेजमध्ये बल्ब बदलणाऱ्या पोऱ्याला प्रकाशशास्त्र माहीत नसले तरी चालते. ते त्या तीन कानांना माहीत असते.

टिक्‌-टिक्‌ कोण करते?

आता दिशादर्शकाकडे वळू. पूर्वी चालक वळण्याआधी हात बाहेर काढत. काही मोटारींना बाजूने बाहेर येणारा छोटा दांडा असे. १९३९ मध्ये अमेरिकेच्या ब्युइक मोटारींत उघडझाप करणारे दिवे आले आणि हळूहळू सगळीकडे पसरले.

उघडझाप कशी करायची? जुन्या फ्लॅशरमध्ये बल्बची विद्युतधाराच हे काम करी. बल्बकडे जाणारी धारा एका पट्टीतून किंवा तारेतून जाई. ती तापून प्रसरण पावे, जोड सुटे आणि दिवा विझे. थंड झाली की जोड पुन्हा लागे. इस्त्रीतील तापनियंत्रकाचाच हा भाऊबंद. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले. त्यांत एक नवी सोय केली गेली. दोन बल्बांपैकी एक गेला की धारा कमी होते. ते ओळखून फ्लॅशर दुप्पट वेगाने उघडझाप करतो आणि चालकाला कळते की कुठला तरी बल्ब उडाला.

थोडा हिशेब करू. दिशादर्शकाचा बल्ब २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टला त्याची धारा १.७५ अँपिअर होते. पुढचा व मागचा मिळून ३.५ अँपिअर. त्याच्या जागी २ वॅटचा एलईडी घातला तर धारा जेमतेम ०.१७ अँपिअर. फ्लॅशरच्या दृष्टीने बल्ब जळूनच गेलेला आहे! भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर हे. इंडिकेटरला घाई झालेली नव्हती. तो बिचारा जुन्या शिकवणीप्रमाणे 'बल्ब गेला, बल्ब गेला' असे ओरडून सांगत होता.

यावर बाजारात एक उपाय मिळतो. ६ ओहमचा जाडजूड रोध एलईडीला समांतर जोडायचा. मग फ्लॅशरला हवी तेवढी धारा मिळते आणि उघडझाप पूर्ववत होते. पण १२ व्होल्टला ६ ओहममधून २ अँपिअर धारा जाते, म्हणजे २४ वॅट. एलईडीचे २ मिळवले की २६ वॅट. मूळ बल्ब होता २१ वॅटचा. वीज वाचवायला निघालो आणि जास्तच खर्चून बसलो. शिवाय तो रोध बोट भाजेल इतका तापतो. तो प्लॅस्टिकला चिकटवला तर प्लॅस्टिक वितळते. खरा उपाय म्हणजे धारेवर अवलंबून नसलेला फ्लॅशर बसवणे. तोही निर्मात्याने त्या मोटारीसाठी दिलेला असेल तर उत्तम. कारण उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळांच्या मर्यादेत असावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

छताच्या दिव्याचे कोडेही याच घरातले. बल्बचा थंड तंतू आणि तापलेला तंतू यांच्या रोधात जमीन-अस्मानाचा फरक असतो. २१ वॅटच्या बल्बचा तापलेला रोध सुमारे ७ ओहम येतो, पण थंड बल्ब मल्टीमीटरला लावला तर सुमारे अर्धा ओहमच दिसतो. विद्यार्थ्यांना हे मोजायला जरूर द्या. ओहमचा नियम आणि तापमान यांचा संबंध फळ्यावर सांगून जितका पटतो, त्याहून एका मापनाने अधिक पटतो. या थंड तंतूतून काही मिलिअँपिअर धारा झिरपली तर तो लालसुद्धा होत नाही. म्हणून मोटारींच्या मंडलात अशी झिरप चालवून घेतली गेली. नव्या मोटारींतील नियंत्रक तर तंतू शाबूत आहे का, हे पाहण्यासाठी मुद्दामच क्षणभर वीज सोडून पाहतात. एलईडीला मात्र तेवढी धारा उजळायला पुरते. आमचा काजवा तो हाच.

स्फटिकातला उजेड

एलईडीची कहाणी बल्बपेक्षा अगदी वेगळ्या गावची आहे. १९०७ मध्ये मार्कोनींच्या हाताखाली काम करणारे हेन्री राउंड रेडिओसाठी स्फटिक तपासत होते. कार्बोरंडम, म्हणजे धार लावायच्या दगडात वापरतात तो सिलिकॉन कार्बाइड. त्याच्या स्फटिकाला वीज जोडली तेव्हा स्पर्शाच्या जागी पिवळसर उजेड दिसला. त्यांनी छोटीशी टीप प्रसिद्ध केली आणि विषय तिथेच राहिला. पुढे रशियात ओलेग लोसेव्ह या तरुण तंत्रज्ञाने तोच उजेड पुन्हा पाहिला, चिकाटीने अभ्यासला आणि १९२७ मध्ये त्यावर लेख लिहिला. हा उजेड उष्णतेचा नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला.

बल्बमध्ये तंतू तापतो म्हणून उजळतो. तापलेली वस्तू सगळे रंग देते आणि त्याहून कितीतरी अधिक अवरक्त किरण, म्हणजे उष्णता देते. एलईडीत अर्धवाहकाच्या दोन थरांच्या संधीवर इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खाली उतरतो आणि उतरताना तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाशकण सोडतो. उतरण किती, हे पदार्थावर ठरते, म्हणून रंगही पदार्थावर ठरतो. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडपासून लाल एलईडी बनवला. निळ्यासाठी तीन दशके थांबावे लागले. जपानमध्ये इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या परिश्रमांतून ते साधले, आणि १९९३ मध्ये नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी सादर केला. तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९६ मध्ये निळ्या एलईडीवर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा एलईडी तयार झाला.

आमचे मागचे दिवे गुलाबी का दिसले, ते आता सांगता येईल. बल्ब सगळे रंग देतो. लाल काच त्यांतला लाल तेवढा जाऊ देते आणि उरलेला उजेड अडवते. पांढरा दिसणारा एलईडी मुळात निळा आणि पिवळा आहे, त्यात खरा लाल कमीच असतो. लाल काचेला पलीकडे सोडायला फारसे काही मिळतच नाही, आणि जे मिळते त्याचा रंगही थोडा निराळा. म्हणून लाल काचेमागे लाल एलईडीच लावायला हवा, नारिंगी काचेमागे नारिंगी. सीडीचा पृष्ठभाग तिरपा धरून दोन्ही दिव्यांचे वर्णपट मुलांना दाखवता येतील. बल्बचा पट्टा लालपर्यंत भरगच्च दिसतो, पांढऱ्या एलईडीचा निळ्यापाशी ठळक आणि लालपाशी क्षीण.

एलईडी मागच्या दाराने आला

मोटारीत एलईडी प्रथम मागच्या बाजूला आला. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काही टॅक्सींच्या मागे, मधोमध, ब्रेकचा एक जादा दिवा लावून पाहण्यात आला. मागून बसणाऱ्या धडका लक्षणीय कमी झाल्या. १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत मोटारींना हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. सगळ्यांच्या गाड्यांवर तो आल्यावर त्याचा नवेपणा ओसरला आणि पुढच्या पाहणीत त्याचा लाभ सुमारे ४.३ टक्के एवढाच भरला. तरीही एवढ्याशा दिव्याच्या मानाने तो मोठाच आहे. मागच्या काचेतील या अरुंद पट्टीसाठी लहान, लाल आणि वर्षानुवर्षे न बिघडणारा एलईडी अगदी सोयीचा ठरला.

त्यातून आणखी एक फायदा झाला. बल्बचा तंतू तापून पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद लागतो. एलईडीला हा वेळ जवळजवळ लागतच नाही. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. मागच्या चालकाला ०.२ सेकंद आधी कळले, तर त्याला ४ मीटर जास्त मिळतात. एका मोटारीची लांबी साधारण तेवढीच असते.

पुढच्या बाजूला यायला मात्र एलईडीला वेळ लागला. २००७ मध्ये लेक्ससच्या एका मोटारीत डिपरसाठी, आणि २००८ मध्ये आऊडीच्या एका मोटारीत पूर्ण हेडलाइटसाठी एलईडी वापरले गेले. या मोटारींच्या आखणीकारांनी जुन्या आरशात एलईडी खोचला नाही. एलईडीसाठी नवे आरसे, नवी भिंगे आणि मागे उष्णता वाहून नेणारे धातूचे पंखे घडवले. कारण एलईडीही तापतो, पण त्याची उष्णता उजेडाबरोबर पुढे न जाता मागे जाते. बर्फाळ देशांत यामुळे एक गंमत झाली. हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरचे बर्फ आपोआप वितळे, एलईडीच्या काचेवर ते साचून राहू लागले.

भिंतीवरची रेघ

आता उरला आमचा हेडलाइट. त्याची परीक्षा चार दिवसांनी झाली. रात्री गावाहून परतताना समोरून येणारे प्रत्येक वाहन मला अप्पर-डिपर मारत होते. चहाच्या टपरीवर थांबलो, तर मागोमाग वळून आलेला एक ट्रकचालक म्हणाला, "साहेब, डिपर तरी मारत जा की! साइडपट्टीवरनं चालणारी माणसं दिसंनात आम्हाला." मी सबंध रस्ताभर डिपरवरच होतो.

दुसऱ्या दिवशी डाव्या दिव्यात जुना हॅलोजन बल्ब परत बसवला, उजवीकडे एलईडी ठेवला आणि अंधार पडल्यावर गाडी दहा मीटरवरून एका कोऱ्या भिंतीसमोर उभी केली. डाव्या दिव्याने भिंतीवर स्वच्छ रेघ उमटली. रेघेखाली उजेड, वर अंधार, आणि डाव्या बाजूला ती किंचित वर चढलेली. उजव्या दिव्याची रेघ विस्कटलेली होती आणि तिच्या वर उजेडाचे ठिगळ पडले होते. हे ठिगळ म्हणजे समोरच्या माणसाचे डोळे.

असे का झाले? तंतू ही एक बारीक नळी असते आणि ती चहूबाजूंना उजेड फेकते. एलईडीच्या चिप एका पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात. पट्टीला जाडी असते, त्यामुळे चिप तंतूच्या जागेपासून बाजूला सरकतात. आरशाचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर धरा. उगम १ मिलिमीटर बाजूला सरकला तर किरणाची दिशा २५ त १ एवढी बदलते. म्हणजे २५ मीटरवर पूर्ण १ मीटर! डिपरचा झोत दर मीटरला साधारण १ सेंटिमीटर खाली झुकवलेला असतो, २५ मीटरवर २५ सेंटिमीटर. जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याची रेघ तिथे ४५ सेंटिमीटरवर यायला हवी. ती १ मीटर वर सरकली तर १४५ सेंटिमीटरवर जाते. मोटारचालकाचे आणि दुचाकीवाल्याचे डोळे या उंचीच्या आतच असतात. चांगले बनवलेले एलईडी हा फरक कमी करतात, पण एका आरशात जमलेला दिवा दुसऱ्या आरशात जमेलच असे नाही.

जर्मनीने यातून काढलेली वाट शिकण्यासारखी आहे. तिथे २०२० मध्ये हेडलाइटच्या बल्बच्या जागी बसवायच्या एका एलईडीला प्रथमच परवानगी मिळाली. पण ती सरसकट नाही. ज्या मोटारींच्या दिव्यांत तो तपासून पाहिला, त्यांची यादी केली आणि तेवढ्याच मोटारींसाठी परवानगी दिली. परवानगी एलईडीला नाही, एलईडी आणि आरसा यांच्या जोडीला मिळाली. आपल्याकडेही मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही.

आम्ही शेवटी काय केले? छताला आणि नंबर प्लेटला एलईडी ठेवले. तिथे आरशाचा प्रश्न नाही आणि कुणाचे डोळे दिपत नाहीत. बाहेरचे बाकी सगळे दिवे, मागचे लाल, दिशादर्शक आणि हेडलाइट, मूळ बल्बवर परत आणले. हेडलाइटची धुरकट काच तेवढी घासून पुसून घेतली. उजेड त्यानेच बराच वाढला.

भिंतीचा प्रयोग शाळेच्या मैदानावर सहज करता येईल. संध्याकाळी एखाद्या शिक्षकाची मोटार किंवा दुचाकी भिंतीसमोर उभी करा. मुलांना दिव्याकडे नव्हे, भिंतीकडे पाहायला सांगा. दिव्याच्या उंचीवर खडूने आडवी रेघ मारा आणि डिपरचा उजेड तिच्या वर जातो का, ते तपासू द्या. अंतर्वक्र आरसा, नाभी आणि किरणाकृती यांवरचा तो तास होईलच. शिवाय एखाद्या पालकाची गाडी रेघेच्या वर उजेड फेकताना सापडली, तर घरी जाऊन ते सांगण्याचे काम मुले चोख करतील.